बोटभर फट

पाम्फिल,

मी चर्चमध्ये चालले आहे, आपल्या सेवेरला जाऊन वर्ष झालं, त्याच्या प्रार्थनेला. तुला उठवलं नाही. पहाटेपर्यंत तुझे दात करकरत होते, आता कुठे डोळा लागलाय.

चुलीवर मऊ लापशी आहे, पाव चावत बसू नकोस. गालाला गरम फडकं लाव. दातांवर बसवायची पट्टी पेल्यातच पडून असते, ती झोपताना तरी घालत जा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, "काका, ओठ मिटा, पण दात सुटे ठेवा." तर तू त्यांना म्हणालास, "आमच्या हिला विचारा, हिच्याकडे प्रत्येक दुखण्यावर कीर्तन आहे!"

आहेच रे. पोराची शवपेटी इटलीहून आली, तेव्हा चर्चच्या गवईबुवांनी रिवाजाप्रमाणे जणू तोच बोलतोय असं गायलं, "बाबा, भांडून गेलो, माफ करा." बापाने "देव तुला क्षमा करो" म्हणायचं असतं. सगळं गाव तुझ्याकडे बघत थांबलं होतं. तू जबडा आवळलास, तो अजून सुटलेला नाही. पट्टीने सुटेल असं मला आता वाटत नाही. माझ्या प्रार्थनेनेही नाही.

आज ते पुन्हा तेच गातील. शेजारची जागा मोकळी ठेवते, सहा महिन्यांच्या प्रार्थनेलाही ठेवली होती. तोंड फार उघडावं लागत नाही. मी आरशासमोर म्हणून पाहिलं, बोटभर फटीतूनही ते शब्द बाहेर पडतात.

दार नुसतं लोटून घेतलंय.

लिओंतिना