धाकटा कशानं गेला

११ जानेवारी

चि. सौ. बबीस, आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जावईबापूंचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. तुझं वजन उतरल्याचं तू एवढ्या आनंदानं लिहितेस, की मला त्याचीच काळजी वाटते. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहून लोकांचे डोळे तपासायचे आणि स्वतःच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं, असं करू नकोस.

इकडे ठीक आहे. हॉस्पिटलात आमच्या चादरींच्या खोलीत शिलाईचं नवं मशीन आलं, चादरी मात्र त्याच विरलेल्या. तुझे बाबा बस डेपोतून निवृत्त झाल्यापासून घरातली प्रत्येक वस्तू उघडून बघतात. परवा मिक्सर उघडला. आता आपल्याकडे मिक्सर नाही.

लिहायचं होतं ते वेगळंच. शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या होत्या. मुलांनी नशेच्या वाटेला जाऊ नये म्हणून त्यांनी वस्तीत एक समिती केली आहे. शाळा, दवाखान्याचे डॉक्टर, चौकीचे हवालदार, दुकानदार, सगळे त्यात आहेत. अशा समित्यांना सरकारी अनुदान मिळतं. ते मिळालं तर शाळेत कायमची समुपदेशक येईल, आणि संध्याकाळी मुलांना बसायला, खेळायला जागा होईल. पुढच्या महिन्यात अधिकारी पाहणीला येणार आहेत. ज्यांच्या घरात हे घडलंय असं कुणीतरी त्यांच्यासमोर बोललं पाहिजे, असं बाई म्हणाल्या. नाव कुणाचं घेतलं नाही, पण बघत माझ्याकडेच होत्या.

तुझे बाबा आतून ऐकत होते. बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, की आमचा मुलगा हृदय बंद पडून गेला, बाईंची काहीतरी गफलत होतेय. बाई उठल्या. जाताना त्यांनी माझा हात दाबला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

बबी, मला बोलायचं आहे. तू काय म्हणतेस ते कळव.

माया आहेच, ती कागदावर मावत नाही.
तुझी आई

—

१९ जानेवारी

ति. सौ. आईस, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. रागावू नकोस, पण तू बोलू नयेस असं मला वाटतं.

माझ्या सासरी धाकट्याचं काय सांगितलंय ते तुला ठाऊक आहे. हृदयाचा त्रास होता, कळला नाही, एवढंच. तेव्हा बाबांनी तसं सांगितलं आणि आपण दोघींनी माना डोलावल्या. आता माझ्या नणंदेचं लग्न ठरत आलंय. मुलाकडचे लोक चौकशी करणारे आहेत. हे बाहेर आलं तर बोट माझ्याकडे दाखवतील, आणि सासूबाई आजवर माझ्याशी जितक्या चांगल्या वागल्या तितकंच ते मला जड जाईल.

शिवाय, आई, धाकटा तेवढाच होता का? तो शिट्टीवर कुठलंही गाणं वाजवायचा, माझ्या चपला घालून मुद्दाम फटफट आवाज करत फिरायचा. त्या अधिकाऱ्यांना यातलं काही नको असणार. त्यांना फक्त त्या नशेच्या गोळ्या हव्यात. मग आपला धाकटा कुणाच्या तरी अहवालात कायमचा गोळ्या खाऊन मेलेला मुलगा होऊन राहील. ते मला सहन होणार नाही.

बाबांना जप. मिक्सर मी पाठवते, पण तो त्यांच्यापासून लपवून ठेव.

तुझ्या मायेवरच उभी असलेली,
बबी

—

२४ फेब्रुवारी

चि. सौ. बबीस, अनेक आशीर्वाद.

मी बोलले. तुला न जुमानता बोलले, तेव्हा तुला हवं तितकं रागवून घे.

शाळेच्या प्रयोगशाळेत बैठक होती. टेबलांवर अजून ॲसिडचे डाग, नळ गळतोय, आणि त्यातच आम्ही सगळे स्टुलांवर. एक अधिकारी बाई होत्या, एक साहेब. आधी हवालदार बोलले, मग डॉक्टर. शेवटी माझी वेळ आली. मी शिट्टीपासून सुरुवात केली. तुझ्या चपलांचंही सांगितलं. मग पाठीच्या दुखण्यासाठी घेतलेल्या गोळ्या, मग दुखणं गेल्यावरही चालू राहिलेल्या, मग मित्राकडून आणलेल्या, मग सायकल विकून आणलेल्या. तो गेला त्या दुपारी घोरत पडला होता आणि गाढ झोपलाय म्हणून आम्ही पंखा वाढवून दार लोटून घेतलं, तेही सांगितलं. नळाचा आवाज तेवढा येत होता.

अधिकारी बाईंनी डोळे पुसले. साहेब सभ्य माणूस होता, पण त्यानं समजावून सांगितलं, की हे अनुदान अजून व्यसन न लागलेल्या मुलांसाठी आहे. लागलेल्यांच्या उपचाराचं खातं वेगळं, आणि गेलेल्यांचं तर कुठलंच नाही. माझं बोलणं अर्जाच्या प्रस्तावनेत घालता येईल म्हणाला. मी मान डोलावली. दुसरं काय करणार? प्रस्तावनेत तर प्रस्तावनेत.

वस्तीत सगळ्यांना कळलं. दुकानदारीण आता सुटे पैसे हातात न देता गल्ल्यावर ठेवते. कुणी वाईट बोलत नाही, पण मी आले की बोलणं थांबतं. तुझे बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मी कामावर गेले की जेवतात, ताट घासून ठेवतात. इतकं स्वच्छ घासलेलं ताट बघून मला रडू येतं.

तुला त्रास झाला असेल तर तो माझ्या पदरात टाक.
तुझी आई

—

८ मार्च

ति. सौ. आईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांच्या हाती पडलं. लपवायला वेळच मिळाला नाही. ह्यांनी पूर्ण वाचलं, घडी घातली आणि विचारलं, की एवढं तू एकटीनं कसं पोटात ठेवलंस. मला वाटलं होतं, फसवलं म्हणतील.

सासूबाईंना ह्यांनीच सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. मग म्हणाल्या, लग्न होईपर्यंत हे घराबाहेर जाऊ देऊ नका. पण गेलंच. मुलाकडच्यांनी आता थोडं थांबू असा निरोप पाठवलाय. नणंद माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती वेणी घालायला दुसऱ्या खोलीत जाते.

मी तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. रागावले आहे. आणि शिट्टी, चपला सांगितल्यास म्हणून रडलेही आहे.

बाबांना माझा नमस्कार सांग. बोलत नसले तरी सांग.
बबी

—

३० एप्रिल

चि. सौ. बबीस, अ. आ.

पत्र लिहायची मला सवय नाही. तुझी आई हॉस्पिटलात कामावर आहे, आणि हे मीच लिहावं असं मला वाटलं.

अनुदान आपल्या समितीला मिळालं नाही, दुसऱ्या वस्तीला गेलं. दुकानदारांनी यायचं सोडलं. हवालदारांची बदली झाली. मोठ्या बाई, डॉक्टर आणि तुझी आई, एवढेच शनिवारी प्रयोगशाळेत बसतात. मी गेलो नव्हतो.

मंगळवारी दुपारी मागच्या गल्लीतल्या काचवाल्याची बायको दारात आली. तुझी आई हवी होती. घरी नाही म्हटलं तरी जाईना. मग तिनं घाबरत विचारलं, की तुम्हाला मुलाचं कसं कळलं, आधी काय दिसलं. दार लावून घ्यावं असं मला वाटलं. काय झालं ते मी विचारलं. तिचा मुलगा सकाळपासून झोपलाय म्हणाली, उठवलं तरी उठत नाही. घोरतो का, असं मी विचारलं. खूप घोरतोय, म्हणूनच निर्धास्त होते, असं म्हणाली.

मी चपला न घालता पळालो. पोराचे ओठ निळे पडले होते, श्वास मध्येच थांबत होता. त्याला पाठीवर घेतलं आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. बस आली. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा निघाला. त्यानं काही विचारलं नाही, भरलेली बस वळवून हॉस्पिटलाच्या दारात नेली. उतारूंपैकी कुणी तक्रार केली नाही.

पोराचा बाप दुकान टाकून धावत आला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला विचारलं, की मुलानं काय घेतलंय. बाप म्हणाला, काही नाही, अशक्तपणा आहे, भोवळ आली असेल. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तो जमिनीकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला कळलं नसेल.

मी डॉक्टरांना म्हणालो, की यानं गोळ्या घेतल्यात. माझा मुलगा याच गोळ्यांनी गेला, असाच घोरत. डॉक्टरांनी लगेच त्यावरच्या उताऱ्याची सुई मागवली.

मागे वळलो तर दारात तुझी आई, हातांवर चादरींचा गठ्ठा. तिनं ऐकलं होतं. खाटेवरची ओली चादर काढायला मी एक टोक धरलं, तिनं दुसरं.

पोरगा जिवंत आहे. डोळे उघडतो, पण अजून आईला ओळखत नाही. ओळखेल की नाही, डॉक्टर सांगू शकत नाहीत. तुझी आई कामावरून सुटली की त्याच्यापाशी बसते. शनिवारी मी समितीत जाणार आहे. तिथला नळ गळतो, तो आधी बघतो.

तुझ्या सासरची गोष्ट आईनं वाचून दाखवली. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. मुलाकडच्यांना काही विचारायचं असेल तर आपला पत्ता दे. खोटं मी सांगितलं होतं, तू नाही. उत्तर मी देईन.

तब्येतीला जप, आणि तुझ्या बापाला विसरू नकोस.
बाबा