चार चमचे लाख, तीन चमचे विटकर

सोलापूर,
मंगळवार, ता. १७ एप्रिल १९३४

सौ. मथुराताई यांचे सेवेशी,

तानाचा वाकून नमस्कार. इकडे सर्व खुशाल असे लिहून पुढे जाण्याची रीत आहे, पण ते अगदी खरे होणार नाही. आई खुशाल आहे, राजी खुशाल आहे, माझ्या उजव्या हाताची दोन बोटे मात्र खुशाल नाहीत (अक्षर वाकडे दिसेल त्याचे कारण तेच, निष्काळजीपणा नव्हे). तुमची दाढ कशी आहे? लवंग धरली का? धाकट्याला दात आले का? या प्रश्नांची उत्तरे मला खरोखर हवी आहेत, हे मुद्दाम सांगते, कारण पत्र शेवटपर्यंत वाचल्यावर तुम्हाला तसे वाटणार नाही.

ट्रेनिंग कॉलेजात तुम्ही मला एकदा म्हणाला होतात, "ताना, तू पाणी पिण्याआधी माठाची परवानगी घेशील." तसे मी अजून घेत नाही. पण आमच्या मोठ्या बाईंनी मुलींच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या प्रश्नपत्रिका मोहोरबंद करण्याचे काम यंदा माझ्यावर सोपवले, तेव्हा मी हात जोडून सांगितले, की माझी सख्खी धाकटी बहीण राजी याच परीक्षेला बसते आहे, तरी हे काम दुसऱ्या कोणाला द्यावे. बाई म्हणाल्या, "जी स्वतःहून सांगते तिलाच द्यायचं." झाले. सहा केंद्रे, सहा पाकिटे (एक तुमच्या बार्शीचे), आणि कपाटाची एकुलती एक किल्ली माझ्या कमरेला. प्रश्न दिसू नयेत म्हणून मी डोळे मिटून कागद पाकिटात घातले. त्यात भूगोल दोनदा उलटा गेला. घरी तर महिनाभर राजीशी गणिताचे एक अक्षर बोललेली नाही. परवा बाजारात तिने विचारले, "अक्का, पाच शेर कांद्याचे किती झाले गं?" मी तोंड फिरवून चालू लागले. कांदेवाल्याला वाटले भाव पटला नाही. त्याने आपणहून उतरवला. (ती सवलत मी नंतर परत करायला गेले तर तो घाबरला.)

कचेरीतून लाखेच्या तीन कांड्या आल्या. सोबत सूचना होती, की प्रत्येक पाकिटाला पाच मोहोरा कराव्यात. चार कोपऱ्यांवर चार आणि मधोमध एक. पण दोन मोहोरांच्या मध्ये जी जागा राहते तिच्यातून पातळ सुरी शिरेल असे मला वाटले, म्हणून मी अकरा केल्या. तिसऱ्या पाकिटाला लाख संपली. आणखी मागायची तर का संपली ते लेखी कळवावे लागते. ते पत्र मी चार वेळा लिहिले आणि चारही वेळा ते चोरीच्या कबुलीजबाबासारखे दिसले. बाजारातली कांडी आणायला गेले तर ती दुकानदाराच्या हातातच उन्हाने वाकली. म्हणून ठरवले, लाख आपणच करावी. मथुराताई, शिकलेल्या माणसाचा खरा शत्रू हाच विचार आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विरुपाक्षप्पा सोनार बसतात. पोकळ मण्यांत भरायला त्यांच्याकडे लाख असतेच. त्यांनी ओंजळभर लाख आणि थोडी राळ दिली, आणि काय करणार ते विचारले. मी "शाळेचे गुपित आहे" म्हटल्यावर ते तीन दिवस माझ्याकडे संशयाने पाहत होते. मी आईची पळी शेगडीवर धरून लाख वितळवली आणि चौथ्या पाकिटावर ओतली. काय सुंदर चकाकली! शाळेच्या शिक्क्यावरच्या कमळाची पाकळी न् पाकळी उठली. थंड होताना ती जरा आकसली आणि पाकिटाला कपाळावरच्यासारख्या आठ्या पडल्या, पण तिकडे मी लक्ष दिले नाही. लाख निम्मी संपली म्हणून उरलेलीत खडूची भुकटी मिसळली. (शाळेचा खडू या कामी वापरणे बरोबर नाही, म्हणून फळ्याखाली सांडलेली धूळ झाडून घेतली, ती कोणाचीच नसते.) लाख एक वाटी तर खडू दोन वाट्या. ती काही ओतता येईना, भाकरीच्या पिठासारखी थापावी लागली. पण दगडासारखी टणक झाली. मी उरलेली दोन्ही पाकिटे उरकून समाधानाने कुलूप लावले.

शनिवारी मोठ्या बाईंनी कपाट उघडवले. आमच्या शाळेवर पत्रे आहेत आणि सोलापूरचा एप्रिल तुम्हाला ठाऊक आहे. चौथे पाकीट वितळून तिसऱ्याला चिकटले होते आणि कमळाची भाकरी झाली होती. पाचवे बाईंनी उचलले तर त्याच्या मोहोरा दंतमंजनासारख्या त्यांच्या लुगड्यावर सांडल्या. आत गणिताची प्रश्नपत्रिका उघडी, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्याकडे आणि राजी माझी बहीण. बाई रागावल्या नाहीत, त्यापेक्षा वाईट झाले. त्या हळू आवाजात बोलल्या. म्हणाल्या, "माझा तुझ्यावर विश्वास आहे ताना, पण विश्वासावर शिक्का उमटत नाही. पेपर नवे काढते. येत्या सोमवारी पाकिटं निघतील. कचेरीच्या कांड्या यायला जून उजाडेल, तेव्हा तू केलीस ती लाख तूच नीट कर. यातलं एक पाकीट जरी वाटेत फुटलं, तर लोक बोलायच्या आधी मीच राजीचं नाव यादीतून काढीन." राजीला अजून काही सांगितलेले नाही. ती बिचारी रोज पहाटे उठून नद्यांची नावे घोकते. त्या नद्या ऐकून मला रडू येते.

मग मी विरुपाक्षप्पांना सगळे खरे सांगितले. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "अव्वा, लाख एकटी लई हळवी. ऊन दिसलं की पसरती. तिला दगडाची सोबत पायजे. पर परतेक कणाला लाखेचं पांघरूण मिळालं पायजे की! एक चादर आन् धा पोरं, मग रात्रभर वढावढी. तसं झालं तुमच्या खडूचं." त्यांच्यात लाखेला विटकरीची भुकटी घालतात. मी एक वीट आणली, ती स्वच्छ असावी म्हणून तीनदा धुतली, कुटली आणि ओलीच लाखेत टाकली. लाख कढईतल्या भज्यांसारखी फुगली, तडतडली आणि माझ्या दोन बोटांवर उडाली. विरुपाक्षप्पा म्हणाले, भाजून घ्या. दुसऱ्या खेपेला भाजून घेतली, पण कुटली जाडीभरडी. त्या मोहोरेला पडलेली चीर बरोबर मोठ्या खड्याजवळून निघाली. ते म्हणाले, वस्त्रगाळ करा. तिसऱ्या खेपेला माझ्या धुवट लुगड्याच्या तुकड्यातून गाळली. ती मोहोर उन्हाला टिकली, पण ओट्यावरून पडताच तडकली. (माझे उरलेले लुगडे आता विटकरी आहे.)

इतका वेळ आई भिंतीला टेकून बघत होती. तिला एक अक्षर येत नाही, आणि माझ्या शिक्षणाचा पुरावा म्हणून ती आपल्या जळलेल्या पळीकडे बोट दाखवते. ती म्हणाली, "शाळंत घातली ती वाचाया, लाख ढवळाया न्हाय. आगं, भिंतीला निस्ती माती कोन लावतंय का? तडकती की! भुसा घालत्यात. तुज्या लाखंत कापूस घाल." मला पटले. वातीचा कापूस पिंजून भरपूर घातला आणि ती मोहोर मोठ्या विजयाने बाईंपुढे नेली. त्यांनी फोडायला घेतली. मोहोर वाकली, चिवट चामड्यासारखी झाली, पण तुटेना. अखेर पाकिटाचा कागदच फाटला आणि मोहोर अख्खीच्या अख्खी त्यांच्या हातात आली. मी आनंदाने पाहत होते. बाई म्हणाल्या, "अगं वेडे, ही अशीच उचलायची, पेपर वाचायचा, आणि डिंकानं परत चिकटवायची. कोणाला कळणार? मोहोर म्हणजे कडी नव्हे. ती चाडी करणारी हवी."

त्या दिवशी मी जेवले नाही, पण समजले. उन्हाने पसरू नये, गाडीच्या धक्क्याने भुगा होऊ नये, पण माणसाचा हात लागला की लपवता येणार नाही अशी ती फुटावी. आता माझे प्रमाण असे आहे : लाख चार चमचे, राळ एक, विटकर (भाजलेली, वस्त्रगाळ) तीन, कापूस नखावर राहील एवढाच, आणि रंगाला हिंगूळ. ही दुपारभर पत्र्यावर ठेवली, कमळ जागचे हलले नाही. ओट्यावरून दहा वेळा टाकली, टवका उडाला नाही. विरुपाक्षप्पांनी ती नखाने टिचकावून कानाशी धरली आणि "हं" म्हणाले. एवढी शाबासकी त्यांनी स्वतःच्या जावयालाही दिलेली नाही.

घरात वडील मंडळींना नमस्कार, धाकट्याला गोड पापा.

तुमची आज्ञांकित,
ताना

ता. क. : मोहोर लावली आणि मनाला टोचले, की पत्राचे खरे कारण लिहिलेच नाही, म्हणून फोडली. सहा पाकिटांपैकी तुमच्या बार्शीचे सर्वांत हाल सोसते. कुर्डुवाडीपर्यंत मोठी गाडी, तिथे फलाटावर ऊन, मग तुमची ती छोटी गाडी, जिच्यात माझ्या पाटीचे दोन तुकडे झाले होते. त्याच वाटेने मोहोर जाऊन पाहावी म्हणून हे पत्र. पाकीट प्रश्नपत्रिकांइतके जाड व्हावे म्हणून ते लांबवले (दाढेची चौकशी मात्र खरी). मोहोर कशी पोचली ते शुक्रवार-शनिवारपर्यंत कळवावे. शाळेचा शिक्का खासगी पत्राला वापरलेला नाही. ठसा आईच्या पायातल्या मासोळीचा आहे. फोडली तेव्हा मोहोरेचे स्वच्छ दोन तुकडे झाले.

ता. क. २ : पुन्हा फोडली. हे तुम्ही वाचत असाल तेव्हा मोहोर तुम्ही आधीच फोडलेली असणार, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. म्हणून पाकिटावर बाहेरून "मोहोर फोडण्यापूर्वी पाहावी" असे लिहिले आहे. ते वाचून टपालवालाही पाहील, पण त्याला इलाज नाही. पुन्हा दोनच तुकडे.

ता. क. ३ : आई आत्ता म्हणाली, "ती मथुरा म्हंजे बार्शीला पेपर घेनारीच न्हवं?" केंद्र तुमच्या शाळेत, पाकीट तुमच्या हाती येणार, बहीण परीक्षेला, आणि मी तुम्हाला मोहोरबंद पत्र लिहिते! तशीच पत्र घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी मोहोर फोडली, उभ्याउभ्या सगळे वाचले, आणि कांद्यापाशी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "तीनदा फुटली आणि तिन्ही वेळा दोन तुकडे. चाडी करायला शिकली म्हणायची." आता त्यांनी कोऱ्या कागदांचे एक पाकीट शाळेच्या नावाने, पाच मोहोरा करून तुमच्याकडे पाठवले आहे. (सहावी मी करणार होते, त्यांनी कांडी काढून घेतली.) ते शाबूत पोचले तर सोमवारी खरी पाकिटे निघतील आणि राजीच्या नद्या वाया जाणार नाहीत. त्याविषयी दोन ओळी बाईंनाच लिहाव्यात, मला नव्हे. हे पत्र उघडेच पाठवते.

मला फक्त "दाढ बरी आहे" एवढे लिहिलेत तरी मी समजेन.

छे, छे. ही तर खूण झाली. वरची ओळ खोडायला हवी, पण खोडले तर काहीतरी लपवले असे दिसेल, म्हणून राहू देते. परीक्षा होईपर्यंत दाढेविषयी मला एक अक्षरही लिहू नका. लवंग मात्र धरा.