उन्हाची मोजणी

ती. वन्सं यांस,

उभ्याउभ्याच नमस्कार करते. वाकायला गुडघे तयार नाहीत आणि बसून लिहायला घरात खुर्ची मोकळी नाही. का, ते पुढे येईलच. तुमचा खोकला गेला का? कानाचं यंत्र लावता की अजून कपाटातच जपून ठेवलंय? इकडे आम्ही मजेत. म्हणजे मी मजेत आहे, आणि तुमचे बंधू माझ्याशी भांडण्याइतके ठणठणीत आहेत. अक्षर बिघडलेलं दिसेल. कॉन्व्हेंटात याच अक्षरासाठी सिस्टरांनी मला बक्षीस दिलं होतं, पण तेव्हा माझ्या नखांत माती नव्हती.

कारण, वन्सं, मी बाग केली आहे.

हसू नका. घर तुम्ही पाहिलेलं आहे. दोन खोल्या, गॅलरी नाही, आणि दिवाणखान्याच्या एका खिडकीतून सकाळपासून जेवणवेळेपर्यंत जमिनीवर पडणारं सतरंजीएवढं ऊन. टेलिफोन एक्स्चेंजात आधी ऑपरेटर, मग सुपरवायझर म्हणून उभा जन्म काढला, तिथे तर खिडकीसुद्धा नव्हती. तेव्हा ठरवलं, की आता आपल्या हातानं काहीतरी हिरवं उगवायचं. नर्सरीत गेले, तर तिथला माणूस मला आपादमस्तक न्याहाळून म्हणतो, “आजी, पहिलंच झाड ना? मग मनी प्लांट न्या. पाणी विसरलात तरी चालतं, लक्ष नाही दिलंत तरी चालतं, एका जागी पडून असतो.” मी म्हटलं, तसलं एक घरी खुर्चीत आहे, मला टोमॅटो दे. (राग मानू नका, वन्सं. तुमचे भाऊ असले तरी सत्य ते सत्य. आणि आजी कोणाला म्हणतो तो? स्वतःचं टक्कल बघ म्हणावं.)

पहिली रोपं मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत लावली आणि मायेनं पाणी घातलं. इतकी माया केली की ती बुडून मेली. डब्यांना खाली भोकं पाडायची असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सिस्टरांनी आम्हाला रुमालावर फुलं भरायला शिकवली, खरी फुलं कशी येतात याबद्दल मात्र अवाक्षर नाही. मग मी यांच्या हत्यारांच्या पेटीतला खिळा आणि हातोडी घेतली आणि घरातल्या दिसेल त्या भांड्याला भोकं पाडून त्यात टोमॅटोचं बी पेरलं. फुटकी बादली, तेलाचा डबा, माझा जुना कुकर. कुकर भोकं पडल्यावरच जुना झाला, असं यांचं म्हणणं आहे. तिकडे लक्ष देऊ नका.

आणि मग, वन्सं, एका सकाळी बादलीतली माती जराशी फुगलेली दिसली. वाकून बघते, तर एक पोपटी कोंब, मान खाली घातलेला, डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं. मी इतक्या मोठ्यानं हाक मारली की हे अर्धी दाढी करून धावत आले. त्यांना वाटलं मी पडले. आम्ही दोघं बादलीभोवती बसून राहिलो. दुपारपर्यंत टोपी पडली आणि दोन पानं उघडली. इतक्या वर्षांत मी हजारो लोकांचे फोन जोडून दिले, पण पलीकडून असं उत्तर मला पहिल्यांदाच आलं.

हा सलोखा तिथेच संपला. कुंड्या मी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवल्या होत्या. खाली दातांचा डॉक्टर आहे. तो वर येऊन म्हणाला, “काकू, आधीच माझे पेशंट घाबरलेले असतात. त्यात दारात उभे असताना डोक्यावर गढूळ पाणी पडलं की परत फिरतात.” त्याचं खरं होतं, म्हणून जास्त राग आला. कुंड्या आत घ्याव्या लागल्या. आत ऊन कुठे? त्या सतरंजीएवढ्या तुकड्यात. आणि त्या तुकड्यात कोण? निवृत्तीपासून खुर्ची टाकून, पेपर उघडून, तुमचे बंधू.

आता हे पडले मोजणी खात्यातले. लोकांच्या बांधांची भांडणं सोडवण्यात हयात गेली. एखादा नवरा नुसता चिडला असता. यांनी कपाटातून फीत काढली, दिवाणखान्यातल्या उन्हाची लांबी-रुंदी मोजली, आणि खडूनं फरशीवर मधोमध रेघ मारली. “डावीकडे तुझी बाग, उजवीकडे माझी खुर्ची. ऊन सरकतं, तेव्हा दर आठवड्याला फेरमोजणी होईल.” मी म्हटलं, मोजणारे तुम्ही आणि वादीही तुम्हीच, हा कुठला न्याय? तर म्हणाले, “मोजणी चोख असते. तक्रार असेल तर लेखी अर्ज करायचा.”

तेव्हापासून दर सोमवारी हे फीत घेऊन रांगतात, आदली रेघ फडक्यानं पुसतात आणि नवी मारतात. कशी मारतात हे मला ठाऊक नाही, कारण तेव्हा मी स्वयंपाकघरात असते आणि ते जाणूनबुजून तीच वेळ निवडतात. दर सोमवारी माझी थोडी जमीन हे ढापत असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शिवाय नवीन नाटक सुरू केलंय. माझी जांभळी शाल पांघरून बसतात आणि मधूनमधून हात चोळतात, म्हणजे मला अपराधी वाटावं. मी बघतसुद्धा नाही.

आणि काल कहर झाला. माझ्या कुकरातल्या झाडाला टोमॅटो लागला. शर्टाच्या बटणाएवढा, हिरवागार, तुकतुकीत. मी आनंदानं नुसती घरभर फिरत होते. तर यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, “फांदी रेघेच्या अलीकडे आलीये. फळ माझ्या हद्दीत आहे.” वन्सं, बी माझं, माती माझी, कुकर माझा, आणि फळ यांचं.

तेव्हा कृपा करून त्यांना दोन महिने तुमच्याकडे बोलावून घ्या. एकटं वाटतं म्हणा, छातीत धडधडतं म्हणा, तुमच्या घराच्या कुंपणाची मोजणी करायची आहे म्हणा. टोमॅटो पिकला की परत पाठवा.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं. आज सोमवारची मोजणी झाल्यावर फरशी पुसताना खाली बसले होते. फडक्यानं रेघ फरशीवरून जाते, पण दोन फरश्यांच्या मधल्या सांध्यात खडू अडकून राहतो. सगळ्या जुन्या सोमवारांच्या खुणा तिथे ओळीनं दिसल्या. वन्सं, प्रत्येक खूण आदल्या खुणेच्या उजवीकडे आहे. ऊन तर त्या मानानं सरकलेलंच नाही. आजची रेघ थेट खुर्चीच्या पायाशी आहे, टोमॅटो पूर्ण माझ्या हद्दीत आहे, आणि खुर्चीवर उन्हाचा टिपूस नाही. शाल नाटकाची नव्हती.

मी विचारलं, हे काय आहे? पेपरमागून उत्तर आलं, “मोजणी चोख आहे. तक्रार असेल तर अर्ज कर.” म्हणजे बघा, सरळ तोंडानं सांगायची काही सोय आहे का या माणसाला?

ता. क. २. बोलावू नका त्यांना. कुंपण तसंच राहू द्या.

ता. क. ३. तुम्ही विणकाम अजून करता ना? त्यांना जाडसा, बाह्यांचा स्वेटर विणून पाठवा. शाल मला परत हवी आहे. रंग मातकट चालेल. मापं सोबत जोडली आहेत. पोटाचं माप त्यांनी स्वतः घेतलंय, आणि त्यांच्या मोजणीवर माझा आता काडीचा विश्वास उरलेला नाही. चार बोटं वाढवून विणा.