जीनच्या दिव्याखालचं सोयाबीन

५ जुलै १९५६, शिरपूर
ओल चांगली. भाऊने धुळ्याहून आणून दिलेलं वाटीभर सोयाबीन आज पेरलं. दहा ओळी झाल्या. भाऊ तिथे शेतकी खात्यात. दसऱ्याला पाहायला येणार. सुनेच्या हौसेसाठी आबांनी घरामागचा कोपरा दिला, कापसाच्या जीनच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीलगत. बजावलं मात्र, "बी घरमां उनं नही ते पुढला सालले आठे कपाशी." म्हणजे बी घरात आलं नाही, तर पुढच्या वर्षी इथे कपाशीच. बारा वर्षांत या घरात माझ्या मनाने पेरलेलं हे पहिलंच. फार बरं वाटतंय.

२७ जुलै
चार दिवस झड. ओळींत पाणी साचून पानं पिवळी पडली. चर काढून पाणी काढलं, आज ऊन, रोपं सावरली. जीनच्या फाटकावर नवा बल्ब लागलाय, रात्रभर जळतो. सासूबाई खूश, कंदील नको म्हणे.

१८ ऑगस्ट
रोपं कमरेला लागली! भाऊला पत्र टाकलं: माझं तुझ्यापेक्षा दांडगं.

३१ ऑगस्ट
भाऊचं उत्तर. त्याच्याकडे सगळं फुलावर, तुझं काय? माझ्याकडे नुसता पाला. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय. सासूबाई म्हणाल्या, "येवढा पाला शे, भाजी तरी कर." हसले, पण घास गोड लागला नाही.

२ सप्टें.
कडब्याच्या गंजीमागे गेले तर शेवटच्या दोन ओळींत फुलं! जांभळी, ज्वारीच्या दाण्याएवढी. बी तेच, माती तीच, पेरणी एकाच दिवशीची. मग...
दिवेलागणीला पुन्हा जाऊन पाहिलं. बल्बचा उजेड आठ ओळींवर, गंजीची सावली नेमकी त्या दोनांवर. आबांना नेऊन दाखवलं. हसतील वाटलं होतं. बल्बकडे पाहत म्हणाले, "रातभर दिवा तोंडवर, मंग झाडेसले झोप कशी लागी?"

४ सप्टें., पोळा
जीनचे पहारेकरी दगडूदादा, त्यांना रात्री बल्ब विझवायची विनंती केली. आधी म्हणाले, "वहिनी, तुम्हना झाडेसकरता मी अंधारमां बसू का?" खरंच आहे त्यांचं. दुपारी खापरावरचे मांडे नेऊन दिले. संध्याकाळी त्यांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून बल्बला आमच्या बाजूने आड बांधला. फाटकावर उजेड, शेतात अंधार. दोघांचंही भागलं. सासूबाईंना कंदील शोधावा लागला, त्याबद्दल बोलणी खाल्ली.

२९ सप्टें.
आठही ओळींत फुलं. मोजायला बसले, मध्येच सोडून दिलं. वेड्यासारखी दोनदा भाऊला पत्र लिहायला बसले. नको. येऊन पाहू दे.

१३ ऑक्टो.
उद्या दसरा. भाऊ येतोय. गंजीमागच्या शेंगा पिवळ्या पडताहेत, वाटीभर तरी निघेल. आठ ओळींत शेंगा चपट्याच, हाताला दाणा लागत नाही. पावसाळा संपला, ओल किती दिवस पुरेल कोण जाणे. त्यात जीन आता सुरू होणार, जीनच्या अंगणात मोठे दिवे लागणार असं दगडूदादा काल सांगून गेले. जीव थोडा खाली-वर.
आज सकाळी पाहते तर आबा एकटेच कडबा वाहताहेत. गंजी मोडून भिंत आणि ओळी यांच्यामध्ये रचली, आठही ओळी आडोशाला. घामाघूम. मी पाणी नेलं. पिऊन तांब्या परत दिला आणि म्हणाले, "पुढला सालले पेरणी आधीच गंजी आठे रचानी."
कपाशीला गंजीची सावली कशाला लागते, हे मी विचारलं नाही.