कूमची गाडी पहिल्या गिअरमध्ये

सोमवार, १२ सप्टेंबर. सकाळी.
चढावर इंजिन बोंबलतं, गाडी जागची हलत नाही. निदान केलं. हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं, ते खुशाल घुमत राहिलं. क्लचप्लेट संपली. रविवारी स्त्राहिन्याचं लग्न. त्यांच्या घराचे कूम माझे आजोबा, मग वडील, आता मी. लग्नात साक्षीला उभं राहायचं, पुढे पोरांची नावं ठेवायची, हा मान आमचा. नवरानवरी कूमच्या गाडीतूनच चर्चला जातात. तेव्हा गाडी माझीच असेल आणि क्लच मीच बदलणार.

मंगळवार.
बायको म्हणाली, झार्कोला बोलव. झार्को म्हणजे तिचा भाऊ, गॅरेजवाला. त्याने भर बाजारात माझ्या गाडीला खुराडं म्हटलं होतं. त्याचे पाय धरण्यापेक्षा बैल जुंपीन.

बुधवार.
गिअरबॉक्स उतरवला. खरं तर तोच उतरला, माझ्या छातीवर. विशेष काही नाही. श्वास घेताना दुखतं, म्हणून कमी घेतो.

गुरुवार.
नवी प्लेट बसवली. एका बाजूला जर्मनमध्ये काहीतरी छापलंय. कंपनीचं नाव असणार. ती बाजू आत, इंजिनकडे केली. फुकटची जाहिरात आपण का करायची?

शनिवार.
इंजिन चालू असताना गिअर पडत नाही. नवीन आहे, रुळेल. तोवर युक्ती काढली: आधी पहिला गिअर टाकायचा, मग चावी फिरवायची. गाडी उडी मारून निघते. रुबाबदार दिसतं.
झार्को कुंपणावरून म्हणाला, दाजी, ती अक्षरं गिअरबॉक्सकडे ठेवलीत ना, तसंच लिहिलेलं असतं त्यावर. उलटी बसली असेल तर आत्ता काढून देतो, दोन तासांचं काम. मी म्हणालो, तू तुझं खुराडं सांभाळ.

रविवार. दुपारी चार.
मागच्या सीटवर स्त्राहिन्या आणि नवरी दुन्या. मागे बत्तीस गाड्या. कूमच्या पुढे कोणी जात नाही, म्हणून सगळं वऱ्हाड पहिल्या गिअरच्या वेगाने. शेजाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे वऱ्हाड अडवून पाजायला राकियाची बाटली घेऊन रस्त्यात दोरी धरली होती. थांबलो नाही. दोरी बंपरला अडकून सोबत आली.
चर्च आलं. क्लच दाबला. काही नाही. चावी बंद करता आली असती, पण फाटकाशी झार्को हाताची घडी घालून उभा होता. त्याच्यासमोर गाडी बंद पाडू? चर्चला फेरी मारली. बत्तीस गाड्या हॉर्न वाजवत मागे. दुसऱ्या फेरीला पाद्री बाहेर आला. तिसऱ्या फेरीला दुन्या शांतपणे म्हणाली, कूम, आम्ही उतरतो. दार उघडून, झगा उचलून उतरलीसुद्धा. तो तिच्यामागे. दोघं गाडीपेक्षा जोरात चालत होते.
आता थांबलो तर चूक कबूल केल्यासारखं दिसलं असतं. म्हणून चालवत राहिलो. गिरणीपाशी पेट्रोल संपलं. पेट्रोल संपलं, क्लच नव्हे, याची नोंद असावी.

रविवार. संध्याकाळी.
पाद्र्याला पुढचं लग्न होतं. साक्षीदाराशिवाय लग्न लागत नाही, आणि दारात झार्को उभाच होता. सही त्याने केली.
जेवणाला पायी पोचलो. कूमच्या खुर्चीवर झार्को बसला होता. बिचारा अवघडून उठायला लागला, तर लोकांनी खाली बसवला. स्त्राहिन्याने मला टोकाची खुर्ची ओढून दिली. बोलायला लागल्यापासून हा पोरगा मला कूम म्हणत आलाय. माझ्याकडे न बघता म्हणाला, बसा, वेलिझारकाका.
बसलो.