चादरीचा पांढरा

४ फेब्रुवारी

फोटो पुन्हा बाद! बाईंचा फोन आला होता. "हात बारीक आहे हो तुमचा, पण फोटोत सगळं एकच ढेकूळ दिसतंय. महिनाअखेरपर्यंत थांबते मी. नीट फोटो पाठवा."

ढेकूळ म्हणे!

बाईंची कार्यशाळा आहे. संग्रहालयांच्या देखाव्यांसाठी अंगठ्याएवढी माणसं बनवतात तिथे. त्यांना रंगवायला एक माणूस हवंय, कायमचं. ती जागा मला हवी म्हणजे हवीच. इतकी वर्षं डेंटल लॅबमध्ये लोकांचे खोटे दात रंगवतेय. दाताला रंग तरी किती? पांढरा, पिवळट पांढरा, त्याहून पिवळट पांढरा. झालं, संपलं! घरी रविवारी एखादा लाल डगला रंगवायला घेतला की कसं मोकळं वाटतं. आता रोजच रविवार हवाय मला.

फोटो नवऱ्याने काढला होता. ट्यूबलाइटखाली, वर फ्लॅश मारून. "छान आलाय की!" त्याला काय, त्याला आमच्या लग्नातले फोटोसुद्धा छान वाटतात.

६ फेब्रुवारी

आता फोटो मीच काढणार. जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. मागे राखाडी कार्डशीट, भिंतीवरून अलगद वळवून खाली आणलेला, म्हणजे मागे कोपरा दिसत नाही. दोन टेबललॅम्प — एक डावीकडून, एक जरा वरून — आणि दोघांच्याही तोंडावर ट्रेसिंग पेपर. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला. टायमर लावायचा आणि हात मागे बांधून उभं राहायचं.

जमीन-अस्मानाचा फरक! माझी अंगठ्याएवढी म्हातारी दोरीवर चादर वाळत घालतेय, अंगात लाल स्वेटर, पायाखाली हिरवं गवत. फ्लॅशमध्ये ती पापडासारखी चपटी झाली होती. आज तिला पाठ आली, पोक आलं, कोपर आले. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

"आणि आम्ही जेवायचं कुठे?" — नवरा.

मांडीवर ताट घे म्हटलं.

९ फेब्रुवारी

लेक कॉलेजातून आली, फोटो पाहिला, एक बटण दाबून काळा-पांढरा करून टाकला. "आई, तुझी म्हातारी गवतात गडप झाली बघ."

खरंच की! लाल स्वेटर आणि हिरवं गवत, दोन्हींची एकच राख. रंग वेगळे, पण गडदपणा अगदी सारखा. म्हणजे बाईंचं ढेकूळ खोटं नव्हतं. दोन मिनिटं राग आला, मग ब्रश धुवायला घेतले.

गवत पिवळटाकडे नेऊन फिकं केलं. स्वेटरच्या घड्यांमध्ये जवळजवळ काळा होईल असा तांबडा, खांद्यावर नारिंगी. अंगठ्याएवढ्या माणसावर खऱ्या उजेडाची सावली धड पडतच नाही, ती आपणच रंगवायची असते. हातात धरल्यावर जरा भडकच वाटलं पाहिजे, मग फोटोत बरोबर दिसतं. हे मला कुणी शिकवलं नाही. माझं मीच शोधून काढलं!

काळा-पांढरा करून परत पाहिलं. म्हातारी गवतातून बाहेर आली.

१२ फेब्रुवारी

चादर नव्याने रंगवली. उजव्या डोळ्याला भिंग, डावा मिटलेला, मान खाली — दुपारभर तशीच. पाठ धरली. पण काय पांढरी झालीय! घड्यांत अगदी किंचित राखाडी, वर लख्ख पांढरा. पांढऱ्यात कुणी माझा हात धरणार नाही.

१३ फेब्रुवारी

फोटोत चादर निळी.

भिंगातून पाहिली, पांढरी. फोटोत निळी. परत भिंगातून, पांढरी! म्हणजे फोनचाच घोळ.

लेकीचं म्हणणं, कॅमेऱ्याला पांढरं कशाला म्हणायचं ते सांगावं लागतं, दिव्याप्रमाणे त्याचा गोंधळ होतो. बरं, सांगितलं. म्हातारीशेजारी कोरा कागद ठेवून त्यावरून बेतलं. तर कागद पांढराशुभ्र आणि चादर निळीच! दिवे बदलले. खिडकीच्या उजेडात नेली. नवऱ्याचा फोन घेतला. सगळ्या फोनांनी कट केलाय.

"आई, मग चादरच निळी असेल." तिने हातात घेऊन, खिडकीशी नेऊन पाहिली. "मला तरी निळीच वाटते."

नुसत्या डोळ्यांनी एवढंसं काही दिसत नाही मला, चाळिशीपासून सगळा कारभार भिंगाचा. पण म्हणून काय झालं? हिला काल-परवापर्यंत खडू नीट धरता येत नव्हता, आणि आज मला पांढरा शिकवतेय! पांढऱ्याचीच तर भाकरी खाल्ली मी आजवर.

बोलले तिला बरंच. ती उठून आत गेली.

१६ फेब्रुवारी

लॅबमध्ये एक दात परत आला. सर म्हणाले, "ताई, डॉक्टरांची तक्रार आहे. शेजारच्या दातांपेक्षा हा फार पांढरा. पेशंट हसला की आधी तोच दिसतो."

डॉक्टरांच्या खोलीतला दिवा पिवळा असणार, दुसरं काय! भिंगातून शेडच्या पट्टीशी लावूनच दिला होता मी. तसं सांगितलं.

"या महिन्यात तिसरा आहे हा," एवढंच म्हणाले. वाद घातला नाही. माझ्याशी कोण घालणार? या लॅबमध्ये शेड अडली की सगळे माझ्याच टेबलाशी येतात.

१८ फेब्रुवारी

लेकीला तिच्या आवडीचा पोपटी रंग आणून दिला. म्हणाली, "लाच आहे का ही?" हो म्हटलं. हसली.

२० फेब्रुवारी

फोटो पाठवले. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून. चादर निळी ती निळीच. खुलासा लिहायला बसले होते, की प्रत्यक्षात पांढरी आहे, फोनची चूक आहे. मग खोडून टाकलं. खुलासे करत बसणाऱ्यांना कोण घेतं?

२३ फेब्रुवारी

मिळालं! मिळालं!! मिळालं!!!

बाईंचा फोन भाजी चिरताना आला. "अहो, ही म्हातारी तीच का? काय उठून दिसतेय! आणि चादर निळसर ठेवायचं कसं सुचलं तुम्हाला? पहाटेचा गारठा आलाय त्यात. पांढऱ्यावर पांढरा फासणारे पुष्कळ येतात माझ्याकडे."

"सुचलं," म्हटलं.

दोन मार्चपासून यायला सांगितलंय. येताना म्हातारीला घेऊन या म्हणाल्या. फोटोवरच एवढ्या भाळल्यात, तर हातात घेतल्यावर काय होईल! तिथे त्यांना खरा पांढरा दिसेल.

नवऱ्याने आनंदाच्या भरात भाजी करपवली. तीच खाल्ली तिघांनी, मांडीवर ताटं घेऊन. टेबल अजून माझ्याच ताब्यात आहे.

२५ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. वाटलं होतं, थांबा म्हणतील. थांबा म्हणाले नाहीत. "तिथे जपून करा ताई," म्हणाले.

जपून! मी काय नवखी आहे? मला जरा लागलंच ते. पण आज मन मोठं आहे माझं. सोडून दिलं.

२८ फेब्रुवारी

लॅबमधला शेवटचा दिवस. पोरींनी फुलं दिली. त्यांना जाता जाता सांगितलं, शेडबाबत शंका आली तर फोन करा, संकोच करू नका.

१ मार्च

सकाळी तोंड धुताना साबण गेला उजव्या डोळ्यात. इतका झोंबला की उघडवेना. म्हातारी डबीत ठेवण्याआधी एकदा पाहून घ्यावी म्हणून भिंग डाव्या डोळ्याला लावलं.

चादर निळी होती.

झोंबणं थांबेपर्यंत बसून राहिले. मग उजव्याने पाहिली, पांढरी. डाव्याने, निळी. कोरा कागद आणला. डाव्याने कोरा. उजव्याने चहा सांडून वाळल्यासारखा.

लेकीला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली. "काय गं?" म्हणाली. आधी एक डोळा झाकून तिच्याकडे पाहिलं, मग दुसरा. ती हसायला लागली, तिला वाटलं मी मस्करी करतेय. उजव्या डोळ्याला ती पिवळी दिसत होती, जुन्या फोटोतली असावी तशी.

उद्या नऊला बाईंकडे हजर व्हायचंय. घरात कुणाला काही बोललेले नाही. मला फार भीती वाटतेय.