सगुणाबाईची झील

बर्लिन, ५ जानेवारी २०२४

ती. बाबांस,
पप्पूचा सादर जय भीम, वि. वि.
तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून शेवटी पत्र लिहितोय. धम्मशीलाताईनं पाठवलेलं तुमच्या भीमगीताचं रेकॉर्डिंग मिळालं. त्याला व्हायोलिन आणि चेलोची जोड देऊन नवी रचना बांधतोय. मार्चमध्ये इथल्या सभागृहात वाजेल. वादक तुमच्या आवाजावर खूश आहेत. फक्त प्रत्येक ओळीनंतर तुम्ही फार थांबता. त्यांचा ताल चुकायला लागला, म्हणून त्या रिकाम्या जागा मी कापून टाकल्या. ताईला ऐकायला पाठवलंय. कसं वाटलं ते कळवा.
आशीर्वाद असावा,
पप्पू

चुडावा, २ फेब्रुवारी २०२४

चि. पप्पूस,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.
बाजा झकास जमलाय. तिकडे तुला संगीतकार साहेब म्हणत असतील, पण तू येडा तो येडाच. त्या जागा रिकाम्या नाहीत रे. गायन पार्टीत मी ओळ म्हणायचो आणि तुझी आई मागून झील धरायची, तीच ओळ उचलून वर न्यायची. तीस वर्षं असंच चाललं. सगुणा जाऊन सहा वर्षं झाली, तरी गाताना मी तिच्यासाठी थांबतो. तू ताल सांभाळायला गेलास आणि आईलाच कापून बसलास.

पुन्हा गाऊन दिलं असतं, पण घशात गाठ निघालीय. पुढच्या आठवड्यात नांदेडला ऑपरेशन आहे. आवाज राहणार नाही म्हणतात. बसलेला आवाज तुला कळू नये म्हणून फोन घेत नव्हतो. अख्खं गाणं ताईच्या मोबाईलमध्ये आहे. तिची जागा तेवढी मोकळी ठेव.
थंडीत जिवाला जप.
तुझा बाप,
तात्याराव

चुडावा, ४ एप्रिल २०२४

चि. पप्पूस,
ताईचा सप्रेम जय भीम.
बाबा आता पाटीवर लिहूनच बोलतात. काल तुझ्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं. बाबांची ओळ संपली, तू वाद्यंही थांबवली होतीस. बाबा मान वर करून बसले होते. तेवढ्यात तिथल्या लोकांनी गाणं संपलं समजून टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांना तरी कसं कळावं?

बाबा रडायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मी बंद करायला गेले तर त्यांनी माझा हात धरला आणि पाटी मागितली. लिहिलं, ‘सगुणाला आज पहिल्यांदा टाळ्या पडल्या. तीस वर्षं माझ्यामागं गायली, पण म्या स्टेजवरून तिचं नाव एकदा बी घेतलं न्हाई.’

तू सुट्टी काढून ये.
माया असू दे,
तुझी ताई
धम्मशीला